‘पुसलं की झालं’ म्हणणाऱ्या शेठना खुले पत्र

शेठ,



तुमच्या दुकानाचं नाव इथे घेणार नाही, कारण हे पत्र तुम्हा एकट्यासाठी नाही. गावोगावच्या बाजारपेठांत तुमचे भाऊबंद बसले आहेत. दाराशी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथच्या उभ्या गुंडाळ्या, त्यांवर सूर्यफुलं, सफरचंदं, द्राक्षांचे घोस. बाजूला पारदर्शक शीटचे जाडजूड रोल. आणि काउंटरमागे मीटरपट्टी घेऊन तुम्ही. गिऱ्हाईक काहीही विचारो, तुमचं उत्तर ठरलेलं. डाग पडतील का? पुसलं की झालं. वास जाईल का? पुसलं की झालं. घरात लहान मूल आहे, चालेल का? ताई, पुसलं की झालं. कापड मोजताना तुमची पट्टी बोटभरही पुढे सरकत नाही. माहिती देतानाही तुम्ही तितकेच चिकट आहात. तुमच्या या तीन शब्दांची भरपाई गिऱ्हाईक पुढे वर्षानुवर्षं घरी करत बसतं.

आधी एक सांगून ठेवते. मी या व्हिनाईलच्या टेबलक्लॉथच्या विरोधात नाही. ज्या घरात वडीलधाऱ्यांचा हात थरथरतो आणि चहाचा कप कलंडतो, ज्या घरात दोन वर्षांचं पोर वरणभात ताटात कमी आणि टेबलावर जास्त ठेवतं, तिथे सुती टेबलक्लॉथ रोज धुणार कोण? धुणारी कोण, हे आपल्या घरांत न विचारता ठरलेलं असतं. तिचं एक धुणं वाचावं म्हणून हे प्लास्टिक घरात येतं. खानावळीत, मेसमध्ये, वसतिगृहात तर त्याच्याशिवाय चालणारच नाही. वस्तू उपयोगाची आहे आणि म्हणूनच ती नीट सांगून विकायला हवी. माझा राग मालावर नाही, तुमच्या गप्प बसण्यावर आहे.

माझ्या सासूबाईंच्या घरी सागवानी टेबल आहे. सुताराने घरी बसून केलेलं, हाताने पॉलिश मारलेलं. ते जपायचं म्हणून त्यांनी तुमच्याकडून पारदर्शक शीट नेली. खाली पॉलिश आहे, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘मग तर पाहिजेच आजी, पॉलिश जन्मभर नवं राहील.’ दिवाळीच्या साफसफाईला ती शीट उचलायला घेतली तर उचलेना. कोपऱ्यातून नेट लावून ओढली तेव्हा चर्र आवाज करत वर आली, आणि येताना पॉलिश घेऊन आली. टेबलावर पांढुरके, खरबरीत पट्टे राहिले. शीटच्या खालच्या अंगाला तपकिरी पापुद्रा चिकटलेला, आणि सागाच्या लाकडाच्या रेषा त्या पापुद्र्यात जशाच्या तशा उमटलेल्या. बोट टेकवलं तर बोटालाही चिकटत होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी टेबलावर जुनं लुगडं पसरलं आणि आत गेल्या. ते लुगडं अजून तिथेच आहे.

हे का झालं, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं, कारण तुम्ही रोज तोच माल विकता. व्हिनाईल म्हणजे पीव्हीसी. मूळचं पीव्हीसी कडक असतं; घराच्या भिंतीतून पाणी नेणारे पाइप त्याचेच. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने ते सहजी न उडणाऱ्या द्रावकात तापवून मऊ, लवचीक करून दाखवलं, आणि तिथून पुढे रेनकोट, पडदे, टेबलक्लॉथ ही सगळी मऊ प्लास्टिकची दुनिया उभी राहिली. आजही रीत तीच. कडक पीव्हीसीत तेलासारखं एक द्रव्य मुरवतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ शीटच्या वजनातला तिसरा हिस्साही कधी कधी याच द्रव्याचा असतो. ते प्लास्टिकमध्ये नुसतं मुरलेलं असतं, पक्कं बांधलेलं नसतं. म्हणून ते हळूहळू बाहेर येतं. समोर लाकडाचं पॉलिश सापडलं, विशेषतः सुतार ज्याला लॅकर म्हणतात तसलं, तर त्यात शिरतं आणि त्यालाही मऊ, चिकट करून सोडतं. उन्हाळ्यात लवकर, वर जड फळांची परडी ठेवलेली असली तर आणखी लवकर. सनमायकाच्या किंवा काचेच्या टेबलावर हा त्रास जवळपास नाही. म्हणजे ‘तुमच्या टेबलाला वरून काय आहे?’ एवढा एक प्रश्न तुम्ही विचारला असता, आणि पॉलिश असेल तर पाठीला कापड असलेला टेबलक्लॉथ दाखवला असता, नाहीतर शीटखाली जाड सुती चादर घालायला सांगितलं असतं, तर एक टेबल वाचलं असतं. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, शेठ. तुम्ही तो विचारत नाही, कारण विचारलात तर निम्मी गिऱ्हाइकं पारदर्शक शीट नेणार नाहीत, आणि जाड पारदर्शक शीटवर तुमचा नफा जास्त.

दुसरा गुन्हा उष्णतेचा. ‘हीटप्रूफ आहे, कुकर ठेवा बिनधास्त’ हे तुम्ही माझ्यादेखत एका नव्या लग्नाच्या मुलीला सांगितलंत. कुकरमध्ये दाबामुळे आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. मऊ पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधीच सैल पडायला लागतं. फोडणीची कढली तर त्याहूनही तापलेली असते. ती टेकवली की गोल वळ उठलाच. तो डाग नसतो. तिथलं प्लास्टिकच वितळून बसलेलं असतं आणि जगातलं कुठलंही पावडर-लिक्विड ते भरून काढत नाही. त्या वळाच्या चिरांत मग तेल साचतं, त्यावर धूळ बसते, आणि घरातली बाई महिनोन्‌महिने तिथे घासणी फिरवत राहते. आपणच नीट पुसत नाही, असं तिला वाटतं. गिऱ्हाइकाला असं स्वतःवर शंका घ्यायला लावणं, हे मला तुमच्या नफेखोरीपेक्षाही वाईट वाटतं. कुकराखाली लाकडी पाट किंवा कॉर्कची चकती लागतेच, टेबलक्लॉथ कितीही जाड असला तरी. हे वाक्य तुमच्या दुकानात मी एकदाही ऐकलेलं नाही.

आता हळदीकडे येते, कारण महाराष्ट्रात विकला जाणारा टेबलक्लॉथ हळदीशी गाठ पडल्याशिवाय राहणारच नाही. तुम्ही नेहमी दुकानात पाणी सांडून दाखवता. पाणी मोत्यासारखं गोळा होतं, तुम्ही फडकं मारता, गिऱ्हाईक खूश. आमच्या ताटात नुसतं पाणी नसतं, शेठ. आमटी असते, रस्सा असतो, लोणच्याचा खार असतो. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. टेबलक्लॉथमध्ये मुरवलेलं द्रव्यही तेलकटच. त्यामुळे फोडणीच्या तेलाबरोबर हळद सरळ प्लास्टिकच्या आत उतरते. पाण्याच्या फडक्याने ती निघायची कशी?

मग घरात होतं काय, ते सांगते. बाई धुण्याच्या साबणाची वडी घेते, नाहीतर धुण्याचा सोडा, आणि चोळते. पिवळा डाग डोळ्यांदेखत विटकरी लाल होतो. ती घाबरते, आणखी चोळते, तो आणखी गडद होतो. हळदीला चुना लागला की कुंकवासारखा रंग येतो, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. साबणातला क्षार तेच करतो. त्यावर लिंबाची फोड फिरवली की लाली जाऊन पुन्हा पिवळा डाग दिसायला लागतो. म्हणजे डाग कुठेही गेलेला नसतो, फक्त रंग बदललेला असतो.

खरा उपाय सोपा आहे आणि तो तुमच्या काउंटरवर लिहून लावण्याजोगा आहे. रस्सा सांडला की आधी चोळू नये, कोरड्या फडक्याने किंवा टिश्यूने टिपून घ्यावा. मग त्या जागेवर दोन थेंब खोबरेल किंवा कुठलंही गोडं तेल लावून हलक्या हाताने फिरवावं. हळद तेलाकडे ओढली जाते, फडकं पिवळं होतं. ते तेल पुसून घेऊन मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून मऊ कापडाने पुसावं, शेवटी साध्या पाण्याने आणि कोरड्या फडक्याने. तरीही पिवळी झाक राहिली तर टेबलक्लॉथ काही तास उन्हात टाकावा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, ऊनच तो खातं. मात्र दिवसेंदिवस उन्हात ठेवू नये, कारण ऊन प्लास्टिकलाही कडक करतं. जुना, मुरलेला डाग असेल तर पूर्ण जाईलच असं मी कुणाला सांगणार नाही. फिका होतो. तुमच्यासारखी हमी मला देता येत नाही, आणि द्यायचीही नाही.

बॉलपेनचं असंच. टेबलावर मुलं अभ्यास करतात, हे घरोघरचं दृश्य. शाई व्हिनाईलमध्ये झिरपते, म्हणून ती त्याच दिवशी काढावी लागते. कापसाच्या बोळ्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन फक्त रेघेवर टेकवायचं, टिपायचं, लगेच ओल्या फडक्याने पुसायचं. पण स्पिरिट हा रोजचा उपाय नव्हे. कोविडच्या काळात घरोघरी दिवसातून कितीदातरी सॅनिटायझरने टेबलं पुसली गेली. असं वारंवार केलं की अल्कोहोल मऊपणा आणणारं ते द्रव्यच ओढून घेतं आणि टेबलक्लॉथ कडक होत जातो, घडीवर तडकतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर तर लावूच नयेत. त्यांनी पृष्ठभाग मऊ पडून कायमचा धुरकट होतो. ब्लीचने छापील नक्षी उडते. तारेची घासणी किंवा हिरवी खरखरीत घासणी बारीक ओरखडे पाडते, आणि त्या ओरखड्यांत पुढचा डाग घट्ट बसतो. घाम काढून घासणाऱ्या हाताला हे सांगायला कुणीतरी हवं होतं. कोपऱ्यावर बसून माल विकणाऱ्यापेक्षा जवळचं कोण होतं?

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात, त्याला पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी पुरतं. घडीच्या रेघा जात नाहीत म्हणून इस्त्री फिरवणारेही आहेत. इस्त्रीला प्लास्टिक चिकटून दोन्ही वाया जातात. टेबलक्लॉथ उन्हात थोडा वेळ गरम होऊ द्यावा, मग टेबलावर ताणून पसरावा. नेतानाच घडी न घालता गुंडाळून नेला तर तेही करावं लागत नाही. तुम्ही मात्र घडीच घालता, कारण घडी पिशवीत मावते. शिवाय त्या घडीत वर्तमानपत्र सारता. छापील शाई व्हिनाईलवर उमटते आणि मग निघत नाही. गुंडाळताना जुनी चादर किंवा कोरा कागद आत घालावा, एवढं साधं ज्ञान ज्याला नाही त्याने व्हिनाईल विकू नये.

पावसाळ्याबद्दल थोडं. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाठीला कापड असलेल्या टेबलक्लॉथखाली ओल साचते. वरून तो लखलखीत दिसतो, खालून कापडाला काळे ठिपके आलेले असतात, आणि घरात कुबट वास कुठून येतो ते कळत नाही. पुसताना पाणी कडेने आत जातं, ते तिथेच राहतं. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा टेबलक्लॉथ उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकून पंख्याखाली वाळवायचा, खालचं टेबलही कोरडं पुसायचं. खाली पडलेले पोळीचे कण आणि मुंग्यांची रांगही त्यानिमित्ताने दिसते.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे येते. ‘फूड ग्रेड’. हे शब्द तुम्ही प्रत्येक रोलला लावता. नव्या शीटचा डोकं धरणारा वास येत असतो आणि तुम्ही म्हणता, फूड ग्रेड आहे, दोन दिवसांत वास जाईल. मऊपणासाठी वर्षानुवर्षं जी द्रव्यं सर्रास वापरली गेली त्यांत थॅलेट्स नावाचा गट आहे. त्यातली काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपीय संघाने २००५ मध्ये खेळण्यांसाठी डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी या तिघांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि जुलै २०२० पासून आणखी एका थॅलेटसह ती घरातल्या इतर अनेक वस्तूंना लागू केली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. अन्नाला लागणाऱ्या पीव्हीसीसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १०१५१ हे मानक आहे. तुमच्या रोलवर यातलं काय लिहिलं आहे? मी उलटसुलट करून पाहिलं. सूर्यफुलं आहेत, ‘प्रीमियम क्वालिटी’ आहे, उत्पादकाचं नाव नाही, मानकाचा आकडा नाही. मग ‘फूड ग्रेड’ हे तुम्ही कशाच्या बळावर बोलता? कागद दाखवता येत नसेल तर तो दावा खोटा धरण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

याचा अर्थ टेबलक्लॉथ घातला की घर विषारी झालं, असं मी म्हणत नाही. घाबरवून विकणारे आणि घाबरवून थांबवणारे, दोघांचाही मला तिटकारा आहे. पण हे द्रव्य उष्णतेने आणि तेलातुपाने जास्त सुटतं, एवढं सांगणं तुमचं काम आहे. म्हणून तव्यावरची तूप लावलेली पोळी थेट टेबलक्लॉथवर टाकू नये, ताटात ठेवावी. त्यावर कणीक मळू नये, भाजी चिरू नये. सुरीचा ओरखडा तर पडतोच. आणि दात येणारं मूल लोंबता कोपरा तोंडात धरून चघळतं, त्या वयात टेबलक्लॉथ बिनलोंबता असावा. आणखीही एक कारण आहे, आणि ते रसायनाहून मोठं आहे. रांगतं मूल उभं राहायला जे हाती लागेल ते ओढतं. वर गरम आमटीचं पातेलं असलं तर काय होईल, हे लिहितानाही मला नको वाटतं. लहान मुलाच्या घरी झालर लावलेला, पायांपर्यंत लोंबणारा टेबलक्लॉथ ‘शोभून दिसेल’ म्हणून तुम्ही गळ्यात मारता, तेव्हा तुमचं भान कुठे असतं? अशा घरी टेबलाच्या मापाने कापलेला तुकडा द्यावा, किंवा कडांना क्लिपा द्याव्यात.

निवडायचं कसं, हे तुम्ही सांगणार नाही म्हणून मीच सांगते. आधी माप. सहा माणसांचं टेबल साधारण पाच फूट बाय तीन फूट, म्हणजे ६० बाय ३६ इंच. सर्व बाजूंनी सहा इंच लोंबायला हवं असेल तर लागतो ७२ बाय ४८ इंचाचा तुकडा. रोलचा पन्हा बहुधा ५४ इंच, म्हणून लांबीला ७२ इंच, म्हणजे १ मीटर ८३ सेंटिमीटर, पुरतं. तुम्ही न विचारता अडीच मीटर कापता. चार फूट व्यासाच्या गोल टेबलावर मात्र ५४ इंची पन्ह्यात जेमतेम तीन-तीन इंच लोंबतं. तिथे आधीच सांगायला हवं की एवढ्यात भागवा, नाहीतर जास्त पन्ह्याचा शोधा. गिऱ्हाइकाने माप कागदावर लिहूनच दुकानात जावं. ‘मोठं टेबल आहे’ एवढ्यावर तुम्ही कात्री चालवता.

मग जाडी. जाड तेवढं चांगलं, हा तुमचाच पसरवलेला समज आहे. अर्धा मिलिमीटरच्या आतबाहेरचा, पाठीला कापड असलेला टेबलक्लॉथ रोजच्या वापराला बरा: तो घसरत नाही, कडेने मुडपून खाली उतरतो, ताटाचा आवाज करत नाही. एक-दोन मिलिमीटरची पारदर्शक शीट लोंबत नाही, ती टेबलाच्या मापातच कापावी लागते, आणि ती सनमायका किंवा काचेवरच शोभते. एकदम पातळ, नुसत्या प्लास्टिकचा टेबलक्लॉथ वाढदिवसापुरता ठीक. रोज वापरला तर टेबलाच्या कोपऱ्यांवर महिन्याभरात फाटतो. सोनेरी जाळीदार छिद्रांचा नक्षीकाम केलेला तर कुणी घेऊच नये. प्रत्येक छिद्रात खरकटं अडकतं, आणि ते काढायला दाताचा ब्रश घेऊन बसावं लागतं. मला विचाराल तर तो टेबलक्लॉथ नव्हेच, छळ आहे.

माल पारखायच्या दोन-तीन खुणा आहेत. कोपरा धरून घट्ट दुमडावा. सोडल्यावर घडीवर पांढरी रेघ राहिली तर त्यात खडूची पूड वारेमाप भरलेली आहे. तो घडीवर लवकर चिरतो. पांढऱ्या रुमालाच्या टोकाला तेलाचा थेंब लावून नक्षीवर चोळावा. रंग आला तर तो उद्या ताटाच्या बुडालाही येणार. पाठीचं कापड नखाने उचलून पाहावं. सुटत असेल तर पहिल्या पावसाळ्यात पूर्ण सुटेल. आणि शेवटी वास घ्यावा, लाजू नये. नाक मागे घ्यावंसं वाटलं तर रोल तिथेच ठेवावा. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. तुम्ही तेवढ्यात ‘ताई, गर्दी आहे, लवकर सांगा’ म्हणता, हेही मी पाहिलं आहे.

टेबलक्लॉथ संपल्यावर काय करायचं, यावर तर तुम्ही कधी विचारच केला नसेल. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरिन असतं. ते जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचे झोंबणारे वायू आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं बाहेर पडतात. म्हणून जुना टेबलक्लॉथ बंबात, शेकोटीत, होळीत घालायचा नाही. फाटलेला तुकडा कपाटातल्या कप्प्यांत अंथरायला, कुंड्यांखाली घालायला, रंगकामाच्या दिवशी फरशीवर पसरायला कामी येतो. तेही संपलं की सुक्या कचऱ्यात वेगळा द्यायचा.

हे सगळं तुम्ही दुकानात प्रत्येकाला सांगत बसा, असं माझं म्हणणं नाही. एक कागद लावा. काउंटरच्या मागे देवाची तसबीर आहे, तिच्या शेजारी भरपूर जागा आहे. जाडी किती, पाठीला कापड आहे की नाही, उत्पादक कोण, पॉलिशच्या लाकडावर चालेल की नाही, गरम भांडं थेट ठेवू नये, हळदीला काय करावं. सहा-सात ओळी. विक्री कमी होणार नाही. योग्य माल नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येतं. सासूबाईंसारखी गिऱ्हाइकं परत येत नाहीत, आणि तुमच्याशी भांडतही नाहीत. म्हणून आपलं सगळं ठीक चाललं आहे, असं तुम्हाला वाटत राहतं.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना एवढंच सांगणं. टेबलक्लॉथ घ्यायला जाल तेव्हा माप लिहून न्या, कोपरा दुमडून पाहा, वास घ्या, आणि ‘फूड ग्रेड’ ऐकलं की मानकाचा आकडा कुठे छापला आहे ते विचारा. दाखवता आला नाही तर पैसे खिशात ठेवून पुढच्या दुकानात जा.

कळावे.

एक गिऱ्हाईक